झडती आणि चाचणी

सन १८९७ च्या पुण्याविषयीं मराठींत जितकें लिहिलें गेलें आहे, तितकें दुसऱ्या एखाद्या सालाविषयीं क्वचितच लिहिलें गेलें असेल. रँडसाहेबांचा अंमल, २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर झालेला गोळीबार, चाफेकर बंधूंची फांशी, टिळकांवरील राजद्रोहाचा पहिला खटला व अठरा महिन्यांची शिक्षा, हा इतिहास शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतो. तो राजकीय इतिहास आहे व तो तसाच लिहिला गेला, याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु त्या सर्व प्रकरणाच्या बुडाशीं एक अगदीं साधा वैद्यकीय प्रश्न होता, आणि त्याकडे आमच्या इतिहासलेखकांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. गोरा शिपाई शहरांतल्या एखाद्या वाड्यांत शिरे, तेव्हां आंतल्या वीसपंचवीस माणसांपैकीं प्लेग कोणाला झाला आहे हें त्याला कळे तरी कसें? आमच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न घातला म्हणजे ते थोडे गोंधळतात. शिपाई उद्धट होता, धर्मभ्रष्ट करणारा होता, हें त्यांनीं वाचलेलें असतें. तो अज्ञानांत चांचपडत होता, हें कोणी त्यांना सांगितलेलें नसतें.

प्लेगचें ज्ञान त्या वेळीं जगांत नव्हतें असें मात्र म्हणतां येत नाहीं. १८९४ सालीं हाँगकाँगच्या सांथींत येर्सिन व किटासाटो या दोघां शास्त्रज्ञांनीं प्लेगच्या जंतूचा शोध चालविला होता, आणि तो जंतु पुढें येर्सिनच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं तेथील पहिला रोगी ओळखला. जानेवारी १८९७ मध्यें हाफकिन यांनीं आपली नवी लस प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली. म्हणजे रोगाचें कारण सांपडलें होतें आणि प्रतिबंधाचा उपायहि हातीं येऊं लागला होता. मधली पायरी मात्र रिकामी होती: समोर उभ्या असलेल्या या एका माणसाला प्लेग आहे कीं नाहीं? तें ठरविण्यासाठीं गांठींतला द्रव सुईनें काढावा, कांचेवर पसरावा, रंग द्यावा आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहावा, एवढाच शास्त्रीय मार्ग होता. त्याला यंत्र हवें आणि सरावलेला डोळा हवा. लाखभर वस्तीच्या शहरांत घरोघर हिंडणाऱ्या तुकडीपाशीं हीं दोन्ही असणें शक्यच नव्हतें.

मग राहिलीं बाह्य लक्षणें. ताप, तांबारलेले डोळे, बरळणें, आणि मुख्य खूण म्हणजे काखेंत किंवा जांघेंत आलेली गांठ. परंतु ताप हिवतापाचाहि असतो. अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला जखम झाली तर जांघेंत अवधाण येतें. उलट प्लेगचा आरंभ असतांना गांठ आलेली नसते, आणि फुप्फुसाच्या प्लेगांत तर पुष्कळदां ती येतच नाहीं. रोगी दोनतीन दिवसांत दगावतो. अशा स्थितींत खूण पाहावयाची म्हणजे काख व जांघ पाहावयाची, बायकामाणसांचीहि पाहावयाची, आणि तीहि परक्या पुरुषानें. पुणेकरांना जो अपमान झोंबला त्याचें मूळ रँडच्या स्वभावांत जितकें होतें, तितकेंच निदानाच्या या पद्धतींतहि होतें, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याच्या जागीं एखादा सौजन्यमूर्ति अधिकारी असता तर शिव्या कमी ऐकूं आल्या असत्या, देव्हाऱ्याची विटंबना टळली असती; अंगाची झडती मात्र टळली नसती.

सांथीच्या रोगांचा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं झाला. मार्चमध्यें रँडच्या अध्यक्षतेखालीं पुण्याची प्लेगसमिति नेमली गेली, आणि १३ मार्चपासून १९ मेपर्यंत घरझडतीचें काम चाललें. त्यासाठीं आठशेंहून अधिक शिपाई लावले होते. संशयित रोग्याला इस्पितळांत न्यावयाचें, त्याच्या घरच्या धडधाकट माणसांना निराळ्या छावणींत ठेवावयाचें, घरांतील सामान बाहेर काढून जाळावयाचें किंवा धुवावयाचें, असा क्रम होता. ज्याच्या अंगांत साधा ताप आहे त्यालाहि या फेऱ्यांतून जावें लागे, आणि प्लेगच्या इस्पितळांत गेल्यावर त्याला प्लेग होण्याची धास्ती कोणालाहि वाटणें साहजिक होतें. परिणाम काय व्हावयाचा तो झाला. लोक रोगी लपवूं लागले, मृत्यु लपवूं लागले, आणि ज्यांना शक्य होतें ते शहर सोडून गेले. जी झडती रोग शोधण्यासाठीं होती, तिच्याच भीतीनें रोग दडूं लागला. विलायतेंत असतांना गोखल्यांनीं शिपायांच्या वर्तनाविषयीं गंभीर आरोप केले व परत आल्यावर पुरावा उभा करतां न आल्यामुळें त्यांना जाहीर माफी मागावी लागली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ज्या घरांत असें कांहीं घडलें असेल त्या घरानें साक्षीला पुढें येणें त्या काळीं किती कठीण होतें, हें आम्ही नव्यानें सांगावयास नको.

याच दिवसांत पुण्याच्या दुसऱ्या टोंकाला निराळें चित्र दिसत होतें. सावित्रीबाई फुले व त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनीं प्लेगच्या रोग्यांसाठीं शुश्रूषेची सोय केली होती. तेथें रोगी आपण होऊन येत, आणले जात. एका आजारी मुलाला उचलून आणल्यानंतर सावित्रीबाईंनाच लागण झाली व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला, म्हणजे घरझडती सुरू होण्याच्या तीन दिवस आधीं. रोग्यानें विश्वासानें जवळ यावें असें वाटत असेल तर त्याला काय द्यावें लागतें, याचा हा नमुना शहरांतच होता.

प्लेगपुरतेंच पाहिलें तरी ती मधली पायरी भरण्यास किती काळ लागला? १९९४ च्या ऑगस्टमध्यें बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं गांठीच्या तापाचे रोगी आढळले आणि पुढच्याच महिन्यांत सुरतेंत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. लाखों लोक सुरत सोडून पळाले. त्यांत खानदेशांतून पोटासाठीं तेथें गेलेल्या आमच्या मराठी माणसांचाहि भरणा होता. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहींसें झालें, परदेशांनीं विमानें बंद केलीं. पन्नासहून अधिक मृत्यु झाले. आणि या सर्व धांवपळींत तज्ज्ञांचा वाद चालला होता तो कशाविषयीं? तर हा प्लेग आहे कीं नाहीं! पुढें जनुकांच्या परीक्षेनें ते जंतु प्लेगचेच ठरले, परंतु तोंपर्यंत कित्येक वर्षें लोटलीं होतीं. रँडच्या शिपायाला जो प्रश्न सुटला नव्हता, तो शंभर वर्षांनीं विमानांच्या युगांतहि वेळेवर सुटला नाहीं.

तो सुटला २००३ सालीं, आणि तोहि मादागास्करसारख्या दरिद्री बेटावर. तेथें प्लेग दरवर्षीं डोकें वर काढतो. तेथील पाश्चर संस्थेंतील संशोधकांनीं तयार केलेली कागदी पट्टी गांठींतील द्रवांत किंवा थुंकींत बुडविली कीं पंधरा मिनिटांत उत्तर मिळूं लागलें. यंत्र नको, वीज नको. खेड्यांतील आरोग्यसेवकानें ती वापरावी.

या पट्टीची रचना समजून घेण्याजोगी आहे. टीपकागद शाई शोषून घेतो त्याचप्रमाणें ही पट्टी द्रव शोषून पुढें नेते. शरीरांत जंतु शिरला म्हणजे त्याचा विशिष्ट अंश हुडकून त्याला चिकटणारे जे पदार्थ शरीर निर्माण करतें, त्यांना प्रतिपिंडें म्हणतात. अशीं प्रतिपिंडें सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवून ते कण पट्टीच्या आरंभीं ठेवलेले असतात. पट्टीच्या मधोमध तशाच प्रतिपिंडांची एक अदृश्य आडवी रेघ असते. द्रवांत जंतूचा अंश असला तर तो सुवर्णकणांना धरतो, त्यांच्यासह पुढें सरकतो, आणि त्या रेघेशीं येऊन अडकतो. कण तेथें दाटले कीं रेघ उमटते. (इतक्या बारीक कणांचें सोनें पिवळें दिसत नाहीं, तांबडें दिसतें; आमच्या घरच्या सोनाराला हें सांगितलें तेव्हां त्यानें आमच्याकडे संशयानें पाहिलें.) पुढें आणखी एक रेघ असते, ती पट्टी नीट चालली एवढेंच सांगते. एवढ्या लहानशा कागदांत रसायनशाळेचें काम बसविलेलें आहे.

अशा पट्टीनें महाराष्ट्रांत काय केलें हें पाहावयाचें असेल तर पुण्यांत न राहतां गडचिरोलीकडे जावें लागेल. हिवतापाचा जोर आमच्या राज्यांत त्या जिल्ह्यांतच सर्वांत अधिक. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा रस्ता तुटतो. पूर्वी रोग्याच्या बोटांतील रक्ताचा थेंब कांचेवर घेऊन ती कांच तालुक्याच्या ठिकाणीं पाठवावी लागे, आणि उत्तर येईपर्यंत रोगी एक तर बरा झालेला असे किंवा हातचा गेलेला असे. २००५ पासून गांवोगांव नेमलेल्या आशा कार्यकर्त्यांच्या हातीं पुढें हिवतापाची पट्टी व गोळ्या आल्या. आशा ही त्याच गांवची सून असते. ती घरांत येते, बोट टोंचते, पंधरावीस मिनिटें ओसरीवर बसते, आणि रेघ उमटली तर तेथल्या तेथें औषध सुरू करते. १८९७ च्या शिपायालाहि हेंच शोधावयाचें होतें. उंबरठा तोच; फरक एवढाच कीं आशेच्या हातांत खात्रीचें कांहीं आहे, आणि म्हणून तिला कोणाचें अंग उघडें करावें लागत नाहीं.

तथापि स्वस्त पट्टी म्हणजे सर्व रोगांवर रामबाण असें समजण्याचें कारण नाहीं. येथें थोडें गणित करावें लागेल. समजा, हजार वस्तीच्या गांवांत दहा जण रोगी आहेत. चाचणी अशी कीं दहा रोग्यांपैकीं नऊ पकडते, आणि शंभर निरोग्यांपैकीं पांचांना चुकून रोगी ठरविते. ऐकावयास ही चाचणी चांगली वाटते. परंतु ९९० निरोग्यांचे शेंकडा पांच म्हणजे सुमारें ५० होतात. तेव्हां गांवांत एकूण ५९ जणांना रोगी ठरविलें जाईल, आणि त्यांतले खरे रोगी फक्त ९! सहांतले पांच निष्कारण घाबरणार, निष्कारण औषधें घेणार. प्लेगच्या दिवसांत ते निष्कारण छावणींत गेले असते. चाचणी कोठें वापरावी, कोणावर वापरावी, हें ठरविल्यावांचून तिच्या किंमतीला अर्थ नाहीं.

हें केवळ कागदावरचें गणित नव्हे. क्षयरोगाचें निदान रक्तावरून करण्याचे संच आपल्या देशांत वर्षानुवर्षें विकले जात होते. दरसाल अशा सुमारें १५ लाख चाचण्या होत असाव्या, असा अंदाज होता. थुंकींतला जंतु पाहण्यापेक्षां रक्त काढणें सोपें, डॉक्टरला सोयीचें, प्रयोगशाळेला फायद्याचें. दोष एकच होता: उत्तर भरंवशाचें नसे. ज्याला क्षय नाहीं त्यानें महिनोन्महिने जहाल औषधें घ्यावीं, आणि ज्याला आहे त्यानें निर्धास्त हिंडून घरच्या पोरांना तो द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं या चाचण्या वापरूं नयेत असें स्पष्ट सांगितलें व जून २०१२ मध्यें भारत सरकारनें त्यांची आयात, निर्मिति व विक्री बंद केली. विषमज्वराची विडाल परीक्षा याहून निराळी आहे; ती १८९६ सालची, म्हणजे मुंबईंत प्लेग आला त्याच सालची, आणि तिनें आपल्या काळीं मोठें काम केलें. परंतु एकदां काढलेल्या रक्तावरून तिनें दिलेल्या कौलावर आजहि कितीतरी घरांत औषधयोजना होते, हें वैद्यकाला भूषणावह नाहीं. उलट गोव्यांत तयार होणारें ट्रूनॅट हें यंत्र पाहावें. तें बॅटरीवर चालतें, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावतें, आणि थुंकींतील क्षयजंतूच्या जनुकाचाच शोध सुमारें तासाभरांत घेतें. २०२० सालीं त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. तें पट्टीइतकें स्वस्त नाहीं. पण खोटें बोलणाऱ्या स्वस्त चाचणीपेक्षां शेवटीं तेंच स्वस्त पडतें.

आतां पुन्हां पुण्याकडे वळूं. रॉकफेलर प्रतिष्ठान व भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनीं मिळून १९५२ सालीं येथें विषाणु संशोधन केंद्र स्थापिलें. १९७८ पासून तें राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखलें जातें. १९५७ सालीं कर्नाटकांतील क्यासनूरच्या जंगलांत माकडें पटापट मरूं लागलीं, तेव्हां त्या रोगाचा विषाणु याच संस्थेनें शोधला. आमच्या विषयाच्या दृष्टीनें तिचें याहूनहि महत्त्वाचें काम म्हणजे डेंग्यू व चिकुनगुनिया यांच्या रक्तपरीक्षेचे संच स्वतः तयार करून देशभरच्या निवडक सरकारी इस्पितळांना पुरविणें. या कामाचा गाजावाजा होत नाहीं. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणीं डेंग्यूचा ताप नक्की ओळखतां येतो, तो पुष्कळ अंशीं या संचांच्या बळावर.

तरीहि प्रयोगशाळा शहरांत असणें आणि चाचणी शहराच्या हातीं असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें २००९ सालीं पुण्यानें अनुभवलें. स्वाइन फ्लूनें देशांतला पहिला मृत्यु ३ ऑगस्ट रोजीं येथेंच झाला. बळी पडली ती चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी. दुसऱ्या दिवसापासून डॉ. नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. घशांतला नमुना देण्यासाठीं लोक तासन् तास उभे राहिले, आणि खोकणारे व न खोकणारे एकाच रांगेंत होते. शाळा, चित्रपटगृहें बंद झालीं. एवढे नमुने तपासणें आंवाक्याबाहेरचें ठरलें. शेवटीं सौम्य रोग्यांची चाचणीच करूं नये, असें सरकारला ठरवावें लागलें. तो निर्णय वैद्यकदृष्ट्या योग्य होता. पण ज्या आईचें मूल तापलें होतें तिला तो निर्णय कसा वाटला असेल, हें वेगळें.

२०२० च्या सांथीच्या वेळीं त्याच संस्थेनें ३० जानेवारीस केरळांतील, म्हणजे देशांतल्या पहिल्या, रोग्याचें निदान केलें, आणि ९ मार्चला महाराष्ट्रांतले पहिले रोगी पुण्यांतच सांपडले. १८९७ चाच कायदा पुन्हां लागू झाला. घरींच अलग राहावयास सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर सरकारनें शिक्का मारला. मतदानाची शाई ओळखणाऱ्या लोकांना हा नवा ठसा पाहून काय वाटलें असेल तें असो. चाचणीचे संच तेव्हां बाहेरून येत व एका चाचणीला ४५०० रुपयांपर्यंत पडत. अशा वेळीं मायलॅब या पुण्याच्या कंपनींतील मीनल दाखवे भोसले व त्यांचे सहकारी यांनीं सहा आठवड्यांत देशी संच तयार केला. मीनलताई त्या वेळीं पूर्ण दिवसांच्या गरोदर होत्या. १८ मार्चला त्यांनीं संच तपासणीसाठीं विषाणुविज्ञान संस्थेच्या स्वाधीन केला, दुसऱ्या दिवशीं त्या कन्येस प्रसवल्या, आणि २३ मार्चला संचाला मान्यता मिळाली. त्याची किंमत सुमारें १२०० रुपये होती. वृत्तपत्रांनीं कौतुक केलें तें बाळाचें व आईचें. आम्हांला कौतुक वाटतें तें यांतल्या क्रमाचें. संच दुसऱ्यानें तपासल्याखेरीज बाजारांत आला नाहीं. पुढच्याच महिन्यांत परदेशांतून घाईघाईनें मागविलेल्या रक्तपरीक्षेच्या पट्ट्या इतक्या बेभरंवशाच्या निघाल्या कीं राज्यांना त्यांचा वापर थांबवून त्या परत करावयास सांगण्याची पाळी वैद्यक परिषदेवर आली.

मायलॅबचा तो पहिला संच मोठ्या यंत्रावर चालणारा होता. घरीं वापरण्याची पट्टी त्याच कंपनीनें पुढच्या वर्षीं काढली व मे २०२१ मध्यें तिला मान्यता मिळाली. नाकांत कापसाची काडी आपणच फिरवावी आणि पंधरा मिनिटें थांबावें. किंमत २५० रुपये. त्या वर्षीं रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रांत दिवसाची मजुरी २४८ रुपये होती. पांच माणसांचें कुटुंब, आणि प्रत्येकाची एक चाचणी, असा हिशेब मांडला तर पांच दिवसांच्या मजुरींतहि दहा रुपये कमी पडत. ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें तेथें २५० रुपयांचा विचार कोणी केला नसेल. परंतु पट्टी स्वस्त झाली असें म्हणतांना ती कोणाला स्वस्त झाली, हें विचारणें आम्हांला भाग आहे. आशेच्या पिशवींतली हिवतापाची पट्टी रोग्याला फुकट मिळते, आणि म्हणूनच ती भामरागडापर्यंत पोंचली; दुकानांतली पट्टी दुकानापर्यंतच पोंचते.

आणि सरकारला काय कळावें, हाहि प्रश्न राहिलाच. घरच्या चाचणीचा निकाल मोबाइलवरून नोंदवावा असा नियम होता. जानेवारी २०२२ मध्यें तिसरी लाट आली तेव्हां असे निकाल नोंदविले जात नाहींत असें मुंबई महानगरपालिकेच्या ध्यानांत आलें, आणि पट्ट्या विकणाऱ्या औषधविक्रेत्यांनीं गिऱ्हाइकांची नोंद ठेवून ती कळवावी असा तिनें हुकूम काढला. पालिकेची अडचण खरी होती. रोग कोठें पसरतो आहे हें कळल्यावांचून खाटा, प्राणवायु, डॉक्टर यांची व्यवस्था लावतां येत नाहीं. गिऱ्हाइकाचा संकोचहि खरा होता. नांव दिलें तर घरावर कोण येईल, आणि कामावरून किती दिवस घरीं बसावें लागेल, याचा हिशेब तो करी. १८९७ च्या पुणेकरानेंहि हाच हिशेब केला होता. मुंबईच्या हुकुमाप्रमाणें तो हिशेब आतां औषधांच्या दुकानांतील एका वहीपाशीं उभ्यानें करावयाचा होता, आणि त्या वहींत खरें नांव लिहावें कीं नाहीं हें गिऱ्हाइकाच्या हातीं होतें.